तिसऱ्या पाण्याची कॉफी

माझ्या सासरी माणसाची किंमत कॉफीवरून ठरत असे. पितळेच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळतं पाणी, आणि खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरणारा काळा अर्क. हे पहिलं पाणी. ते जावयांना आणि बेंगळूरच्या नातेवाइकांना. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतलं की दुसरं, ते घरच्यांना. तिसरं वर्गणी मागायला येणाऱ्यांसाठी राखलेलं. आमच्या समाजाच्या मंगल कार्यालयाचे अध्यक्ष कित्येक वर्षं ही तिसऱ्या पाण्याची कॉफी प्यायले आणि दर वेळी म्हणाले, "वहिनी, अशी कॉफी म्हैसुरात दुसरीकडे कुठे मिळत नाही." ते खरंच होतं.

ही व्यवस्था सासूबाईंची. त्यांच्या नणंदेला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ती मान्य नव्हती, पण त्या बोलत नसत. आत्याबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. म्हैसूरच्या चामराजपुरम भागातल्या आमच्या घरात भावाच्या पाठीमागेही वहिनीबरोबर राहत होत्या. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल, नारळ आणि संगमरवरी पाटीवर कोरलेलं मानपत्र मिळालं. शाल मोलकरणीला गेली, नारळाची चटणी झाली आणि मानपत्र दह्याच्या भांड्याच्या झाकणावर वजन म्हणून बसलं. पाहुणे हळहळत. आत्याबाई म्हणत, "मांजराला वाचता येत नाही, पण त्याच्या वजनाचा ते मान राखतं."

लग्नानंतर मी त्या घरात आले ती एका अटीवर. कावळा शिवला म्हणून महिन्यातून तीन दिवस बाहेर बसणार नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते आणि पुष्कळ वाचलेलं असल्यामुळे जगाला अटी घालायची मला सवय होती. सासूबाईंनी एका वाक्यात होकार दिला, "तुझ्या पिढीला कावळे दिसत नसतील तर मी काय करू." अंगणापलीकडची, बाहेर बसायची ती लहानशी खोली मग सायकल आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या ताब्यात गेली.

तीच खोली काही वर्षांनी मला रिकामी करून घ्यावी लागली.

लेक दीड वर्षाची झाली तेव्हा माझं काहीतरी बिघडलं. बसल्या जागी छाती धडधडायची, वजन उतरत चाललं, आणि हात इतके थरथरायचे की ग्रंथालयातली कार्डं खणात परत घालताना भलत्याच खणात जायची. गळ्यातली थायरॉइडची गाठ जास्त काम करत होती. आमच्या घराण्यात कुणी जास्त काम करतंय हे पहिल्यांदाच घडत होतं, असं आत्याबाई म्हणाल्या. गोळ्यांनी भागेना, तेव्हा बेंगळूरच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडिन द्यायचं ठरवलं. शिशाच्या जाड डब्यातून काढलेलं, पाण्यासारखं दिसणारं, बेचव औषध. ते गाठीत जाऊन बसतं आणि तिला आतून शांत करतं. मात्र ते शांत करत असताना माझ्या अंगातून किरण बाहेर पडणार होते. मोठ्यांनी थोडं अंतर राखलं तर पुरे होतं. लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही, मांडीवर नाही, कुशीत नाही. माझं ताट, पेला, अंथरूण, सगळं वेगळं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"साधारण आठवड्यात निम्मं होतं," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवड्यांनी या, यंत्र लावून बघू. तोवर मूल दूर."

औषध घेऊन परतताना गाडीत माझे यजमान माझ्यापासून एक बाक सोडून बसले आणि मंड्या स्टेशन येईपर्यंत हिशेब करत राहिले. ते कॉमर्सचे पदवीधर, पहिल्या वर्गातले. "पहिल्या आठवड्यात निम्मं, दुसऱ्यात उरलेलं निम्मं," ते पलीकडून ओरडून म्हणाले. "दोन आठवड्यांत खलास. डॉक्टर लोक उगाच एक आठवडा वाढवून सांगतात." आमच्या मध्ये बसलेल्या गृहस्थांनी मान डोलावली. ते शेंगा खात होते आणि कशाबद्दलही मान डोलावण्याच्या मनःस्थितीत होते.

खोलीबद्दल सासूबाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा सायकल बाहेर होती, फरशी पुसलेली होती, कोपऱ्यात चटई, उशी, तांब्या, माझ्यापुरतं ताट. किरणोत्सार म्हणजे काय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पुढच्या दिवसांत मी जे पाहिलं ते मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. न शिवता माणसाची काळजी घेणं ही एक कला आहे आणि माझी सासू तिच्यात निष्णात होती. ताट उंबऱ्याच्या आत ठेवायचं, दोन पावलं मागं सरकायचं, आणि मग तिथंच पायरीवर बसून मी जेवेपर्यंत बोलत राहायचं. वाढताना पळी इतक्या उंचीवरून आणि इतकी नेमकी की सारातला एक थेंब बाहेर पडत नसे. मी ओंजळ धरली की त्या वरून पाणी ओतत. ओंजळ भरायच्या आत धार थांबे.

"आई, तुम्हाला कंटाळा नाही का येत याचा?" मी एकदा विचारलं.

"मी या खोलीत वाचायला लागले गं," त्या म्हणाल्या. "ते तीन दिवस कुणी काम सांगायचं नाही. तुझे सासरे खिडकीतून मासिक टाकायचे. शिवायचं नाही, पण टाकायला काय? तू ती खोली बंद केलीस तेव्हा मला स्वल्प वाईटच वाटलं होतं."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर अट जरा बेतानं घातली असती.

लेकीला सगळे पुट्टी म्हणत. कन्नडमध्ये कुठल्याही लहान मुलीला म्हणतात तसं. पहिल्या दिवशी तिनं अंगणात उभं राहून माझ्या खिडकीकडे बोट करत जो आकांत केला, तो ऐकून नंजनगूडच्या गाडीची वाट बघणारे लोक जवळच्या स्टेशनवरून डोकावले असतील. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी खिडकीचे गज धरून उभी.

चौथ्या दिवशी पहाटे न्हाणीघरातून धूर येऊ लागला. सासूबाईंनी हंडा तापवला होता. "ऊठ," त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तेल लावून घे, डोक्यावरून पाणी घे." न्हायला डॉक्टरांनी मनाई केलेली नव्हती. मी न्हाले, धुतलेली साडी नेसले, खोलीच्या पायरीवर येऊन उभी राहिले. आणि सासूबाई पुट्टीला कडेवर घेऊन अंगणातून माझ्याकडे येऊ लागल्या. चेहऱ्यावर सणाचा आनंद. चौथा दिवस, न्हाणं झालं, बाई शुद्ध. पन्नास वर्षं हे गणित कधी चुकलं नव्हतं.

पुट्टीनं दोन्ही हात पसरले. मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी माझेही हात पुढं झाले होते.

"वहिनी, थांबा."

आत्याबाई पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या. आवाज चढवला नाही. वर्गात चढवावा लागला नसणार.

"न्हाली ती, वन्सं. चौथा दिवस आहे."

"ते कावळ्याचं गणित. कावळा चौथ्या दिवशी एकदम उडून जातो. हा कावळा तसा नाही. हा दर आठवड्याला निम्मा होतो."

"निम्मा कावळा कसा असेल!"

"दुसऱ्या आठवड्यात खलास होईल," माझे यजमान दाढी करता करता आतून म्हणाले. "निम्मा आणि निम्मा, एक."

आत्याबाईंनी झोपाळा थांबवला. "तू माझ्या शाळेत नव्हतास हे शाळेचं भाग्य," त्या म्हणाल्या. "वहिनी, पुट्टीला त्याच्याकडे द्या आणि फिल्टर आणा. पहिलं पाणी काढलेलं आहे ना?"

सासूबाई रागावल्या होत्या, पण फिल्टर मागितला की रागातही आणायचा असा घरचा शिरस्ता होता. आत्याबाईंनी काचेचे पेले मांडले. पहिल्यात पहिल्या पाण्याचा अर्क, डांबरासारखा काळा. मग त्याच पुडीवर पाणी ओतून दुसरं काढलं, मग तिसरं, मग चौथं. याला वेळ लागला. अंगणभर सगळे ताटकळत उभे. मी पायरीवर केस वाळवत, यजमान गालावर साबण आणि कडेवर मूल घेऊन. घाई करायचा मोह कुणाला झाला तरी फिल्टरला घाई करता येत नाही.

"बघा आता. पुडीत जे आहे त्यातलं निम्मं पहिल्या पाण्यात उतरलं असं धरा. दुसऱ्यात काय उतरेल?"

"उरलेलं," यजमान म्हणाले.

"मग हे तिसरं पाणी तांबडं कसं?"

ते तांबडं होतं. चौथंही अगदीच पांढरं नव्हतं. गवती चहासारखा रंग होता त्याला. यजमानांनी पेल्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पदवीबद्दल विचार केला असावा, कारण गालावरचा वाळलेला साबण ते पुसू लागले.

"जेवढं आहे त्याच्या निम्मं जातं," आत्याबाई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात भरपूर जातं, कारण भरपूर असतं. मग जाणारंही कमी, राहणारंही कमी."

"आणि संपतं कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"संपत नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "अय्यो! म्हणजे माझ्या सुनेला जन्मभर बाहेर बसवायचं?"

मी कुठंतरी वाचलं होतं की गणित हा कोरडा विषय आहे. ते लिहिणाऱ्याने सासूबाईंचे डोळे पाहिले नव्हते.

"वहिनी, तिसरं पाणी तुम्ही कुणाला देता?"

"वर्गणीवाल्यांना."

"आणि चौथं?"

"कढीपत्त्याच्या झाडाला ओतते."

"का? त्यात कॉफी आहे की."

"त्यात कसली कॉफी! साकु की आता."

"झालं तर," आत्याबाई म्हणाल्या. "शून्य कधी यायचं नाही. साकु येतं. कुठल्या पाण्याला साकु म्हणायचं ते तुम्ही फिल्टरचं ठरवता, हिचं डॉक्टर ठरवतील."

साकु म्हणजे पुरे. म्हैसूरच्या मराठीत तो शब्द इतका मुरलेला आहे की पुरे म्हटलेलं मुलांना ऐकू येत नाही. सासूबाईंनी पेल्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि पुट्टीला घेऊन आत गेल्या. जाताना चौथा पेला तेवढा कढीपत्त्याला ओतला. तिसरा राखून ठेवला.

तो त्याच दिवशी कामी आला. अध्यक्ष माझी विचारपूस करायला आले. अंगणाच्या फाटकाशी उभे राहून त्यांनी अणुशक्ती, राष्ट्राची प्रगती आणि स्त्रियांचं धैर्य या विषयांवर चांगलं लांब भाषण केलं. ते फाटकाच्या आत आले असते तर आणखी प्रभावी झालं असतं. सासूबाईंनी कॉफी पुढं केली. ते म्हणाले, "नको, आज नको." तिसऱ्या पाण्याला नकार मिळण्याचा आमच्या घरातला तो पहिलाच प्रसंग.

मला वाटलं होतं की गणित कळलं म्हणजे वाट बघणं सोपं होईल. पण गणित कळलं की ते नको तिथंही दिसू लागतं. पुट्टीचा आकांत पहिल्या दिवशीइतका राहिला नाही. मग नुसती रडायची. मग खिडकीशी येऊन जरा कुरकुरायची आणि आपल्या लाकडी बाहुलीकडे वळायची. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती अंगणात धावताना पडली. गुडघा सोलला. तिनं मान वर केली, मी गजांमागे होतेच, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ सासूबाईंकडे गेली आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून "आई" म्हणाली.

सासूबाई दचकल्या. "आजी गं, आजी म्हण," त्या घाईघाईनं म्हणाल्या. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

संध्याकाळी आत्याबाई नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसल्या. त्या मला ग्रंथालयातली मासिकं आणून देत आणि त्यातल्या चुका आधीच पेन्सिलने खुणावून ठेवत.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमचा फिल्टर पुट्टीलाही लागू पडतोय."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे गं, मूल आईला कधी विसरतं का. अशा वाक्यांचा आपल्याकडे मोठा साठा आहे. आत्याबाईंनी पेन्सिल मासिकात खूण म्हणून ठेवली. मग म्हणाल्या, "पडतो. विसरणं तसंच असतं. आधी झपाट्यानं, मग सावकाश." त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याचं मला तेव्हा रडू आलं आणि आज कौतुक वाटतं.

जाताना त्या थांबल्या. "आपण सगळे पलीकडच्या वर्षी लग्नाला गेलो होतो, तेव्हा घरचं विरजण सुकून गेलं होतं, आठवतं?"

मला आठवत होतं. परतल्यावर दह्याच्या भांड्याच्या कडेला वाळलेली पापडी तेवढी उरली होती. शेजारून विरजण आणू, मी म्हटलं होतं. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. त्यांचं विरजण माहेराहून आलेलं आणि शेजारणीच्या दह्याबद्दल त्यांची मतं कठोर होती. त्यांनी ती पापडी खरवडून वाटीभर कोमट दुधात टाकली. पहिल्या दिवशी दूध नुसतं आंबूस झालं. त्यातलं चमचाभर पुढच्या वाटीत. ते सैलसर लागलं. त्यातलं पुन्हा पुढच्या. मग एका सकाळी मानपत्र उचललं तर खाली असं घट्ट दही, की भांडं तिरकं केलं तरी हलेना.

"दोन्ही गणितं एकच आहेत," आत्याबाई म्हणाल्या. "एक उतरतं, एक चढतं. जेवढं असेल त्या मानानं. उतरताना शून्य होत नाही म्हणून वहिनी त्या दिवशी घाबरल्या होत्या. पण शून्य होत नाही म्हणूनच पुन्हा लागतं." आणि खुर्ची उचलून गेल्या. मला काही पटलं नाही. दही हे दही आणि मूल हे मूल, असं मी अंथरुणावर पडून मनाशी म्हटलं. पण ती पापडी डोळ्यांसमोरून जाईना.

तिसरा आठवडा संपला तेव्हा बेंगळूरला गेलो. डॉक्टरांनी माझ्या गळ्यासमोर यंत्र धरलं. ते कुरकुरलं, पण औषध दिलं त्या दिवशीसारखं नाही.

"शून्य झालं?" मी मुद्दाम विचारलं.

"शून्य तर या भिंतीसमोर धरलं तरी येत नाही," ते हसून म्हणाले. "पण आता मुलाला घ्यायला हरकत नाही." कन्नड येत असतं तर साकु म्हणाले असते.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती, आणि न्हाणीघरातून धूर येत होता. यजमान काही बोलणार होते. मी त्यांना खुणेनं गप्प केलं. तेल लावलं, डोक्यावरून पाणी घेतलं. आत्याबाई झोपाळ्यावर होत्या. त्यांनी हरकत घेतली नाही. यंत्राचं यंत्राने केलं होतं, हंड्याचं हंड्याने.

मी पडवीच्या पायरीवर येऊन बसले. पुट्टी सासूबाईंच्या साडीमागे उभी. अर्धा चेहरा दिसत होता.

"जा गं, आईकडे जा," सासूबाई म्हणाल्या.

ती हलली नाही. मी हात पसरले नाहीत. पसरले आणि ती आली नाही तर ते परत कसे घ्यायचे हे मला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातात लाकडी बाहुली. माझ्यापासून दोन हातांवर थांबली, वाकली, बाहुली फरशीवर नीट ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून तिथंच बसली. माझ्याकडे बघत, मी घेते का याची वाट पाहत.

मी त्या घरात ताट कसं ठेवलं जातं ते तीन आठवडे पाहिलं होतं. ते पाहणारी मी एकटी नव्हते. आईला काही द्यायचं तर ते असं द्यायचं असतं, हे ती शिकली होती, आणि तिनं ते अगदी बिनचूक केलं होतं.

आत्याबाईंचा झोपाळा थांबला.

सासूबाई पुढं आल्या. गुडघ्यांवर हात टेकत माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, आणि त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन मांडीवर ठेवला. इतक्या दिवसांत मला कुणाचा स्पर्श झालेला नव्हता. त्यांचा हात खरखरीत होता आणि शिकेकाईचा वास येत होता. पुट्टीला म्हणाल्या, "बघ. शिवलं तरी चालतं आता. सुम्मने शिव, अशीच, सहज."

पुट्टीनं आमच्या हातांकडे पाहिलं. मग ती बसल्या जागेवरून सरकत सरकत आली आणि तिनं माझ्या मनगटाला एक बोट लावलं. लगेच काढून घेतलं. काही झालं नाही हे बघून पुन्हा लावलं.

त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं माझी बांगडी धरली, तिसऱ्या दिवशी मांडीवर बसून लगेच उठली. मग कधी काय झालं ते सांगता येणार नाही, कारण मोजायचं भान राहिलं नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीला सगळं गाव लोटलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे घरी होते. हत्ती, हौदा, बँड यांच्याविषयी माझं मत फारसं अनुकूल नाही. पण त्या वर्षी जायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं. सकाळपासून पुट्टी माझ्या कडेवर होती. तिला कडेवर घेऊनच भाजी चिरली, कडेवर घेऊनच दाराला तोरण बांधलं. हात आता थरथरत नव्हते, पण पाठ मोडली होती. सासूबाईंनी माझ्यापुढे कॉफी ठेवली. रंगावरूनच कळलं की पहिल्या पाण्याची आहे.

"पुट्टी," मी म्हटलं, "खाली उतर, कॉफी पिऊ दे. साकु."

तिनं माझ्या मानेला आणखी घट्ट मिठी मारली. झोपाळ्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "ते आता डॉक्टरांच्याही हातात नाही."